सौंसरचे मँगनीज, बोरगावची लोकर आणि परदेशी भांडवल

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता महाराष्ट्राची हद्द ओलांडतो तेव्हा दुकानांवरच्या पाट्या हिंदीत होतात. माणसांचे बोलणे मात्र मराठीच राहते. सौंसर आणि पांढुर्णा हा तो मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ पर्यंत तो छिंदवाडा जिल्ह्याचा भाग होता. त्या महिन्यात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. बाहेरच्या माणसाला हा प्रदेश ठाऊक असतो तो संत्र्यांसाठी, जामसावळीच्या मारुतीसाठी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून होणाऱ्या गोटमारीसाठी. शेअर बाजार आणि परदेशी गुंतवणूक यांच्या चर्चेत त्याचे नाव येत नाही.

ते यायला हवे. येथल्या जमिनीखालच्या खडकाने आणि जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका कारखान्याने परकीय भांडवलाचे जवळजवळ सर्व प्रकार जवळून पाहिले आहेत: लंडनमध्ये नोंदलेली खाण कंपनी, सरकार व परदेशी कंपनी यांची भागीदारी, संपूर्ण सरकारी मालकी, समभागांची जाहीर विक्री, परकीय संस्थांची खरेदी आणि उद्योगसमूहाचे विभाजन. खाणी आणि त्यांचे मालक हा विषय गोव्याला नवा नाही; म्हणून हा इतिहास गोमंतकीय वाचकाला बराचसा ओळखीचा वाटेल.

खडकाला गावाचे नाव

भूविज्ञानाच्या ग्रंथांत सौंसर हे गाव अजरामर झाले आहे. छिंदवाड्याकडून निघून नागपूर व भंडारा जिल्ह्यांतून बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पसरलेल्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांच्या समूहाला ‘सौंसर समूह’ म्हणतात. त्याच्या थरांची नावेही याच टापूतल्या गावांवरून पडली आहेत: सितासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवानी, बिछुआ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील लुइस ली फर्मर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीज साठ्यांवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सौंसर भागातील कच्चीढाणा, गायमुख, सीतापार अशा ठिकाणांची तपशीलवार वर्णने आहेत. मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांनी बनलेल्या येथील खडकाला त्यांनी गोंड जमातीवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले आणि जगभरच्या भूवैज्ञानिकांनी ते स्वीकारले. सीतापारवरून एका खनिजाला त्यांनी ‘सीतापाराइट’ म्हटले होते. पुढे ते बिक्सबाइट या आधीच माहीत असलेल्या खनिजाहून वेगळे नसल्याचे दिसले आणि ते नाव मागे पडले.

मँगनीजचे महत्त्व एका वाक्यात सांगता येते: त्याच्यावाचून पोलाद होत नाही. वितळलेल्या लोखंडातील प्राणवायू व गंधक काढून टाकण्यासाठी आणि पोलादाला कणखरपणा आणण्यासाठी ते लागते, आणि त्याला परवडणारा पर्याय सापडलेला नाही. जगात निघणाऱ्या मँगनीजचा फार मोठा भाग पोलाद उद्योगच वापरतो. त्यामुळे या खनिजाचा भाव खाणीवर ठरत नाही. पोलादाच्या भट्ट्या जेथे पेटलेल्या असतात तेथे ठरतो. पूर्वी ती ठिकाणे इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिका ही होती. आज चीन आहे.

लंडनची कंपनी

मध्य प्रांतातील या पट्ट्यात १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाली. तीच पुढे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली. व्यवहारात तिचे नाव ‘सीपीएमओ’. कंपनीची नोंदणी ब्रिटनमध्ये होती. समभागधारक तेथले, संचालक मंडळ तेथले. खाणी आणि मजूर येथले. आजच्या भाषेत ही ‘थेट परकीय गुंतवणूक’ होय. भांडवलाबरोबर व्यवस्थापन, यंत्रे आणि खरेदीदारही बाहेरून आले आणि नफ्याचा लाभांश बाहेर गेला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत आणि रशिया हे मँगनीजचे दोन प्रमुख पुरवठादार होते. रशियाचे मँगनीज मुख्यतः आजच्या जॉर्जियातील चियातुरा येथून येई. पहिल्या महायुद्धात काळ्या समुद्राची वाट बंद झाली तेव्हा भारतीय खनिजाचे मोल वाढले. १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे नवे बंदर खुले झाले, त्यामागच्या प्रमुख हेतूंपैकी मध्य प्रांतातील मँगनीजला समुद्रापर्यंत जवळची वाट देणे हा एक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शीतयुद्ध सुरू झाले, सोव्हिएत संघाने अमेरिकेला जाणारे मँगनीज आखडते घेतले आणि अमेरिकी पोलाद उद्योग पुन्हा भारताकडे वळला. सातपुड्याच्या पायथ्याशी कुदळ मारणाऱ्या मजुराच्या हाताला काम मिळणे न मिळणे हे अशा रीतीने त्याने कधी नावही न ऐकलेल्या बंदरांवर अवलंबून होते. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राझीलच्या आमापा प्रांतातून आणि साठच्या दशकात गॅबनमधून नवे मँगनीज बाजारात येऊ लागले आणि भारताचे ते दिवस सरले.

५१ आणि ४९

स्वातंत्र्यानंतर खनिजसंपत्ती परदेशी कंपनीच्या हाती किती काळ ठेवायची, हा प्रश्न येणारच होता. १९६२ साली भारत सरकार आणि सीपीएमओ यांच्यात करार झाला. कंपनीची मालमत्ता सरकारने घेतली आणि ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ ही नवी कंपनी नागपूर येथे स्थापन झाली. तिचेच आजचे नाव ‘मॉयल’. भागभांडवलापैकी ५१ टक्के केंद्र सरकार, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्याकडे आणि ४९ टक्के सीपीएमओकडे, अशी वाटणी ठरली.

ही वाटणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. मालमत्ता नुसती जप्त केली असती तर सरकारवर नुकसानभरपाईचा आणि परदेशातील पतीचा प्रश्न ओढवला असता. कंपनी जशीच्या तशी ठेवली असती तर खनिजावरील हक्काचा प्रश्न तसाच राहिला असता. ५१ टक्क्यांमुळे निर्णयाचा अधिकार सरकारकडे आला. ४९ टक्क्यांमुळे जुन्या मालकाला नफ्यातला वाटा मिळत राहिला आणि खाण चालवण्याचे ज्ञान एका दिवसात निघून गेले नाही. पंधरा वर्षांनी, १९७७ मध्ये, ते ४९ टक्केही विकत घेण्यात आले आणि मॉयल पूर्णपणे सरकारी झाली. तो काळ १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याचा, म्हणजे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा उतरवायला लावणाऱ्या ‘फेरा’चा होता. कोका-कोला देशाबाहेर गेली तीही याच सुमारास.

सौंसरच्या दृष्टीने एक विपरीत गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. समूहाला नाव या गावाचे मिळाले, पण मोठ्या खाणी पूर्वेकडे गेल्या. बालाघाटजवळची भरवेली, उकवा, तिरोडी. भंडाऱ्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव, कांद्री, मनसर. मॉयलचे उत्पादन प्रामुख्याने याच खाणींतून येते. पट्ट्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या सौंसरच्या वाट्याला लहान खाणी आल्या.

२०१० ची विक्री

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर सरकारी कंपन्यांतील समभाग जनतेला विकण्याची प्रथा सुरू झाली. मॉयलची पाळी २०१० मध्ये आली. २६ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळात तिचा आयपीओ खुला होता. किंमतपट्टा प्रतिसमभाग ३४० ते ३७५ रुपये. लहान गुंतवणूकदारांना ५ टक्के सवलत. विक्रीला ठेवलेले समभाग ३ कोटी ३६ लाख, म्हणजे एकूण भागभांडवलाच्या २० टक्के. मागणी आली ती सुमारे ५६ पट.

एवढी मागणी का आली, हे त्या महिन्यांच्या हवेत शोधावे लागते. ३ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखे खरेदीची दुसरी फेरी जाहीर केली होती. पाश्चात्त्य देशांत व्याजदर शून्याला टेकले होते आणि तेथला पैसा उत्पन्नाच्या शोधात ब्राझील, भारत, इंडोनेशिया अशा उदयोन्मुख बाजारांकडे धावत होता. ५ नोव्हेंबरला सेन्सेक्स २१ हजारांच्या वर बंद झाला. त्याआधी ऑक्टोबरमध्येच कोल इंडियाची सुमारे १५ हजार कोटींची विक्री झाली होती. एक योगायोग असा की अविभक्त छिंदवाडा जिल्ह्याच्या उत्तरेकडील पेंच व कन्हान कोळसाखाणी कोल इंडियाच्याच एका उपकंपनीच्या आहेत. एका जिल्ह्याच्या दोन टोकांच्या खनिजांशी नाते असलेल्या दोन कंपन्या दोन महिन्यांच्या आत बाजारात उतरल्या, त्या वेळी पैशाला पूर आलेला होता.

१५ डिसेंबर २०१० रोजी समभागाची नोंदणी झाली. पहिला सौदा विक्रीच्या किमतीपेक्षा खूपच वर झाला, दिवस संपेपर्यंत तेजी बरीच ओसरली, आणि पुढच्या वर्षभरात भाव ३७५ च्या खाली गेला. ज्यांनी पहिल्या दिवशी विकले ते हसले. ज्यांनी ‘सरकारी कंपनी, बुडणार नाही’ म्हणून ठेवले त्यांना थांबावे लागले. कंपनी खरोखरच बुडाली नाही, पण बुडत नाही म्हणून भाव वाढतोच असे नाही, हा धडा अनेकांना त्या काळात मिळाला.

या व्यवहारातली सर्वांत कळीची बाब मात्र बातम्यांच्या मथळ्यांत नव्हती. ही विक्री संपूर्णपणे ‘ऑफर फॉर सेल’ होती. नवे समभाग काढले तर पैसा कंपनीच्या तिजोरीत जातो आणि त्यातून नवी खाण, नवे यंत्र, नवी वसाहत उभी राहू शकते. जुना मालक आपल्याकडचे समभाग विकतो तेव्हा पैसा त्या मालकाला मिळतो. कंपनीला छदामही मिळत नाही. विक्रीपूर्वी केंद्राकडे ८१.५७ टक्के, महाराष्ट्राकडे ९.६२ टक्के आणि मध्य प्रदेशाकडे ८.८१ टक्के हिस्सा होता. केंद्राने १० टक्के व दोन्ही राज्यांनी प्रत्येकी ५ टक्के विकले. एकूण सुमारे १,२३८ कोटी रुपये उभे राहिले. त्याचा एक चतुर्थांश, म्हणजे तीनशे कोटींहून थोडी अधिक रक्कम, भोपाळच्या वाट्याला आली. ती राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत गेली. तेथून ती बालाघाट वा सौंसरच्या रस्त्यांकडे वळावी असा कोणताही नियम नव्हता.

गोव्यात हेच चित्र वेगळ्या रंगात दिसले होते. १९५४ साली इटालियन भांडवलातून उभी राहिलेली सेझा गोवा ही कंपनी १९९६ मध्ये जपानच्या मित्सुईकडे गेली आणि २००७ मध्ये मित्सुईने आपला ५१ टक्के हिस्सा वेदांताला ९८ कोटी १० लाख डॉलरना विकला. सरकारी आकडेवारीत आणि वर्तमानपत्रांत असे व्यवहार मोठी परकीय गुंतवणूक म्हणून गाजतात. प्रत्यक्षात लंडनच्या बाजारात नोंदलेल्या समूहाने दिलेला पैसा टोकियोला गेला. डिचोली-सत्तरीतील खाणीवर त्या दिवशी ना एक यंत्र वाढले ना एक कामगार. मालक बदलणे आणि भांडवल वाढणे या दोन घटना निरनिराळ्या आहेत. आर्थिक बातमी वाचताना त्या वेगळ्या ओळखता आल्या तर निम्मे काम झाले.

कंपनी आपलेच समभाग परत घेते तेव्हा

मॉयलच्या पुढील इतिहासात उलट्या दिशेचा एक प्रवाह आहे. कंपनीवर कर्जाचा बोजा नव्हता आणि बँकेत रोकड साचत होती. सरकारी कंपन्यांनी अशी रोकड नुसती साठवून ठेवू नये, ठरावीक मर्यादेपलीकडे ती लाभांश व पुनर्खरेदीच्या रूपाने भागधारकांना परत द्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने मे २०१६ मध्ये काढली. त्याच वर्षी मॉयलने प्रतिसमभाग २४८ रुपयांनी सुमारे साडेतीन कोटी समभाग परत विकत घेतले. जानेवारी २०१७ मध्ये केंद्राने आणखी १० टक्के हिस्सा बाजारात विकला. त्या वर्षी एकास एक बोनस समभाग देण्यात आले. त्यानंतर २०२२ पर्यंत आणखी तीन वेळा पुनर्खरेदी झाली. नोंदणीच्या वेळी १६ कोटी ८० लाख असलेले समभाग बोनसमुळे दुप्पट, म्हणजे ३३ कोटी ६० लाख व्हायला हवे होते. ते आज सुमारे २० कोटी ३५ लाख आहेत. हा सव्वातेरा कोटींचा फरक कंपनीने समभाग खरेदी करून रद्द केल्यामुळे पडला.

पुनर्खरेदीने उरलेल्या प्रत्येक समभागामागे नफ्याचा वाटा वाढतो, हे तिचे समर्थन. मोठ्या भागधारकाला, म्हणजे सरकारला, ती रोकड काढून घेण्याची वाट मिळते, हे तिचे दुसरे रूप. खाण कंपनीच्या बाबतीत एक प्रश्न राहतो. खनिज एकदा काढले की ते संपते. त्याच्या बदल्यात आलेला पैसा नव्या साठ्यांच्या शोधात आणि खोल खाणींत घालावा की परत द्यावा? भरवेलीची भूमिगत खाण चारशे मीटरहून खोल गेली आहे. खोलीबरोबर खर्चही वाढतो. गेल्या काही वर्षांत मॉयलने नवे शाफ्ट आणि शोधविवरांवर भर दिला आणि २०२४-२५ मध्ये उत्पादन सुमारे १८ लाख टनांवर, तोवरच्या उच्चांकावर, नेले. त्या आधीच्या दशकात मात्र परताव्याचे पारडे जड होते, असे म्हणण्यास आकडे पुरेसे आहेत.

दहा टक्क्यांची रेघ

परकीय भांडवलाचे दोन प्रकार कायद्याने एका आकड्यावर वेगळे केले आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या भारतीय कंपनीत परदेशी गुंतवणूकदाराचा हिस्सा दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती पोर्टफोलिओ गुंतवणूक. दहा टक्के किंवा अधिक असेल तर थेट गुंतवणूक. रेघेच्या अलीकडे राहणारा आज खरेदी करून थोड्याच दिवसांत विकू शकतो. पलीकडे जाणाऱ्याला मुक्काम ठोकावा लागतो. परकीय संस्थांना भारतीय बाजारात थेट खरेदीची परवानगी सप्टेंबर १९९२ मध्ये मिळाली. धातूंच्या खाणकामात आज स्वयंचलित मार्गाने शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा आहे. पण मॉयलसारख्या सरकारी कंपनीत केंद्र आणि दोन राज्ये मिळून अजूनही सुमारे ६५ टक्के धरून बसली आहेत. परदेशी संस्था तेथे येते ती पोर्टफोलिओच्या दारातून, आणि त्याच दारातून निघूनही जाते. हे येणे-जाणे ज्याला पाहायचे असेल त्याला वाट मोकळी आहे: प्रत्येक तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत कंपनीला आपला भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराकडे सादर करावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो.

सीपीएमओ आणि आजचा परकीय निधी यांतला फरक येथे स्पष्ट होतो. लंडनच्या कंपनीला खाण आवडो न आवडो, ती सोडून जाता येत नव्हती. तिचा पैसा खड्ड्यात होता. आजच्या निधीला खाण पाहण्याचीही गरज नाही. मार्च २०२४ मध्ये मेगन या चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातील ग्रूट आयलंड बेटावरचा मँगनीजचा धक्का मोडला आणि तेथली निर्यात वर्षाहून अधिक काळ थांबली. जगातील मोठ्या खाणींपैकी ती एक. खनिजाचे भाव उसळले, मॉयलने आपले दर वाढवले आणि त्या उन्हाळा-पावसाळ्यात तिचा समभागही उच्चांकावर गेला. पुढे चीनमधील मागणी मंदावली, भाव उतरला, समभागही उतरला. बालाघाटच्या खाणीतला कामगार या सहा महिन्यांत तेच काम त्याच पाळीत करत होता.

बोरगावचा कारखाना

सौंसर तालुक्यातील बोरगाव औद्योगिक विकास केंद्रात १९९१ साली रेमंडचा सुटिंगच्या कापडाचा कारखाना सुरू झाला. वसाहतीचे नाव कैलासनगर. ज्यांनी १९४४ मध्ये ठाण्याची रेमंड गिरणी घेतली त्या कैलाशपत सिंघानियांचे स्मरण त्यात आहे. व्यापारी जगतात हा कारखाना ‘छिंदवाडा प्लांट’ म्हणून ओळखला जातो; सौंसरचे नाव येथेही मागे राहिले.

रेमंडचा इतिहास हा कंपनी वित्ताचा एक चालता-बोलता पाठ आहे. नव्वदच्या दशकात लोकरी कापड, पोलाद, सिमेंट, डेनिम असा पसारा तिच्याकडे होता. २००० च्या सुमारास तिने पोलाद आणि सिमेंट विकून टाकले. बिलासपूरजवळचा सिमेंट कारखाना फ्रान्सच्या लाफार्जने घेतला. २०१६ मध्ये लाफार्जने आपला भारतातील व्यवसाय निरमाला विकला. नाशिकचा विद्युत पोलाद कारखाना जर्मनीच्या थिसेनक्रुप समूहाकडे गेला आणि २०२५ च्या आरंभी जेएसडब्ल्यू व जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीकडे आला. एकाच पाव शतकात त्या नाशिकच्या फाटकावर तीन देशांच्या पाट्या लागल्या. डेनिममध्ये २००६ साली रेमंडने बेल्जियमच्या यूको कंपनीशी निम्म्या-निम्म्या भागीदारीची वाट धरली. यवतमाळचा कारखाना त्या संयुक्त कंपनीत गेला.

कापड मात्र रेमंडने स्वतःकडे ठेवले, आणि ते हळूहळू ठाण्याहून सरकले. ठाण्याची मूळ गिरणी २००९ मध्ये बंद झाली. तिथल्या शंभरांहून अधिक एकर जमिनीची किंमत कापडाच्या कोणत्याही नफ्यापेक्षा मोठी झाली होती. २०१९ मध्ये त्यातील २० एकर जमीन परदेशी भांडवलावर चालणाऱ्या एका मॉल कंपनीला सुमारे ७०० कोटींना देण्याचे ठरले; उरलेल्या जमिनीवर रेमंडने स्वतः इमारती उभारायला घेतल्या. थोडक्यात, माग सौंसरला आले आणि भूखंडाचे मोल ठाण्यालाच राहिले. कैलासनगरचा पगार आणि ठाण्याचा भूखंड यांचा हिशेब अनेक वर्षे एकाच ताळेबंदात होता. समभागाची किंमत ठरवणाऱ्याला यांतले नेमके काय विकत घेतो आहोत हे सांगता येत नसे.

ही गुंतागुंत विभाजनाने सुटली. २०२३ मध्ये समूहातील एका कंपनीने आपली पार्क अव्हेन्यू सुगंधी द्रव्ये, कामसूत्र आदी उत्पादने गोदरेज कन्झ्युमरला २,८२५ कोटी रुपयांना विकली. त्या विक्रीतून रोकड हाती आलेल्या कंपनीतच कापड व तयार कपड्यांचा व्यवसाय वळवण्यात आला. तिचे नाव ‘रेमंड लाइफस्टाइल’. सप्टेंबर २०२४ मध्ये ती बाजारात वेगळी नोंदली गेली. मूळ रेमंडचे पाच समभाग ज्याच्याकडे होते त्याला नव्या कंपनीचे चार मिळाले. जुलै २०२५ मध्ये ठाण्याच्या इमारतींची ‘रेमंड रिअल्टी’ही स्वतंत्रपणे नोंदली गेली. बोरगावचे माग होते तेथेच राहिले. कामगाराच्या पगारपत्रकावरचे मालकाचे नाव बदलले.

परदेशाशी बोरगावचे नाते भागधारणेपुरते नाही. तेथे विणली जाणारी मेरिनो लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियाची. तिचा भाव तेथील लिलावांत ठरतो आणि डॉलर महागला की तिचा रुपयांतला खर्च वाढतो. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झाला आणि लोकरीवरील आयात शुल्क उठले, तेव्हा त्याचा फायदा याच कारखान्यासारख्या ठिकाणी पोहोचला.

पांढुर्ण्याचा कापूस

पांढुर्ण्याकडे नोंदलेली कंपनी नाही, पण बाजार आहे. तेथल्या कापूस उत्पादकाला भागभांडवलाविना जागतिक बाजाराचे सगळे धक्के बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले तेव्हा कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. गिरणीला स्वस्त कापूस मिळाला. नवा कापूस घरी येण्याच्या ऐन हंगामात शेतकऱ्याच्या भावावर त्याचा भार आला. त्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाली होती. बोरगावचा कामगार आणि पांढुर्ण्याचा शेतकरी पुष्कळदा एकाच घरात राहतात. एकाच सरकारी अधिसूचनेने त्या घराच्या एका खिशात पैसे येतात आणि दुसऱ्यातून जातात.

शंभरातले साडेसहा

अखेर खाणीच्या गावाला थेट काय मिळते, हे पाहण्याजोगे आहे. मँगनीज खनिजावरील स्वामित्वशुल्क सरासरी विक्रीमूल्याच्या ५ टक्के आहे. ते राज्य सरकारला मिळते. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान नावाचा निधी प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात आला. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वशुल्काच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांना १० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. म्हणजे जुन्या पट्ट्यातून शंभर रुपयांचे खनिज निघाले की पाच रुपये भोपाळला आणि दीड रुपया जिल्ह्याला. लिलावाच्या पट्ट्यात बोलीची रक्कम राज्याला जाते आणि जिल्ह्याचा वाटा पन्नास पैशांवर येतो. गोव्यात २०१८ नंतर खाणपट्टे लिलावाने देण्याचा मार्ग धरला गेला. तेथेही हाच हिशेब लागू आहे.

हा निधी जिल्हावार असतो. म्हणून २०२३ चे विभाजन सौंसरसाठी केवळ जिल्हाधिकारी कार्यालय जवळ येण्यापुरते नव्हते. कच्चीढाणा वा सीतापारच्या परिसरात उद्या खनिजाचा नवा पट्टा लिलावाला निघाला, तर त्याची बोली देशातली कंपनी लावो की परदेशी भांडवलाची, तिच्या दर शंभर रुपयांमागचे ते पन्नास पैसे कोणत्या जिल्ह्याच्या खात्यात जातील, हे खाण ज्या गावच्या हद्दीत आहे ते नकाशावरच्या नव्या रेघेच्या कोणत्या बाजूला पडते यावर ठरेल.